रबराची खोळ

आमचे हे रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात ड्युटीवर हजर झाले.

वाळूजच्या एका कंपनीत ह्यांचा सगळा जन्म माल तपासण्यात गेला. पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, पास म्हणायचं नाहीतर रिजेक्ट. बजाजनगरात राहत होतो तोवर मला त्याचा काही ताप नव्हता, कारण तपासायला तिकडं कंपनीत पार्ट होते. मग सिडकोत घर झालं, हे रिटायर झाले, पार्ट संपले आणि पोळ्या सुरू झाल्या. जाडी मोजायचं एक लोखंडी माप असतं, चिमट्यासारखं, व्हर्नियर म्हणतात त्याला. ते घेऊन हे ओट्याशी उभे राहायचे. "मधे जाड, कडेला पातळ. असं का होतं?" असं का होतं म्हणे! मी म्हटलं, "अहो, पोळी आहे ती, पिस्टन नाही." तर म्हणतात, "तत्त्व तेच असतं."

एवढ्यावर थांबले असते तर मी सोसलं असतं. पण मग डब्यांना लेबलं लागली. एका फोडणीला मोहरी किती, ते चमच्यानं ठरलं. भांडी घेराप्रमाणं उभी राहिली, म्हणजे मला रोज लागणारी कढई पार मागं आणि होळीला लागणारं पुरणयंत्र सगळ्यात पुढं. मी काही गरीब गाय नाही. माझं माहेर फुलंब्रीकडचं, शेतकऱ्याचं घर. आमच्यातल्या बाया बोलायला लागल्या की बांधापलीकडचे बैल माना वर करतात. मी उलथनं उगारून सांगितलं, "भीक नको पण कुत्रं आवर! तुमची मदत नको, तुम्ही हॉलमध्ये बसा." हे बसले. थोड्या वेळानं पाणी प्यायच्या निमित्तानं आत आले आणि म्हणाले, "ग्लास इथं का ठेवलेत?"

मला माझं स्वयंपाकघर परत पाहिजे होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. सोनं नको, साडी नको, काशी नको. ओट्याशी एकटीनं उभं राहावं, रेडिओ लावावा, पोळी जाड करावी वाटली तर जाड करावी, एवढंच.

हे मागणं पुरं केलं पोरानं. पोरगं पुण्याला असतं. त्यानं वडिलांच्या वाढदिवसाला एक खोकं पाठवलं. उघडलं तर आत आगगाडी. खेळण्यातली नव्हे हं, असं म्हटलं तर आमच्याकडं राग येतो. खऱ्या गाडीचं माप घेऊन बारीक केलेली, इंजिनाला दिवा, डब्यांना खिडक्या, आणि रूळ जोडून विजेवर पळणारी. ती पहिल्यांदा पळाली तेव्हा ह्यांचं तोंड जसं फुललं, तसं लग्नात मला बघूनसुद्धा फुललं नव्हतं.

हॉलमधल्या दिवाणावर प्लायवूड आलं. त्यावर रूळ आले, पुठ्ठ्याचं स्टेशन आलं, काड्यांचं फाटक आलं. पाहुणे आले तर त्यांना बसायला खुर्ची आत-बाहेर करावी लागायची, पण माझी काही तक्रार नव्हती. स्वयंपाकघर मोकळं! मी त्या दिवशी भाकरी केली आणि मुद्दाम जाड केली. हे गाडीकडं बघत बघत खाऊन उठले, एक शब्द बोलले नाहीत.

पण सुख म्हटलं की त्याला नजर लागते. गाडी म्हटलं की डोंगर पाहिजे आणि डोंगर म्हटलं की बोगदा पाहिजे, हे ह्यांच्या डोक्यात बसलं. पहिला डोंगर वर्तमानपत्राचे बोळे आणि मैद्याची खळ लावून केला. तो झुरळांनी खाल्ला. दुसरा थर्माकोलचा केला. तो नीट झाला, रंग पण दिला, पण कुठूनही बघा, ढोकळा तो ढोकळाच. ह्यांनी स्वतःच त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "रिजेक्ट." मग गाडी बंद. दोन दिवस हे नुसते बसून. तिसऱ्या दिवशी मी डाळ शिजायला लावत होते, तर मागून आवाज आला, "ह्या कुकरची रिंग कधी बदलली होती?"

मी तिथल्या तिथं ठरवलं, ह्या माणसाला डोंगर मिळालाच पाहिजे. आणि तो मीच करणार.

मी हॉलमध्ये गेले आणि विचारलं, "डोंगराला अडतंय कुठं?" ह्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी परदेशातला दाढीवाला माणूस खऱ्या दगडावर दुधासारख्या पातळ रबराचे ब्रशनं हात देतो, वाळले की कातडं सोलावं तसं सोलतो. झाला साचा. त्यात प्लास्टर ओतलं की दगडाची प्रत तयार, अगदी भेगा-खड्ड्यांसकट. मी म्हटलं, "मग करा की!" हे म्हणाले, "त्यात लई पायऱ्या आहेत. आधी अभ्यास करावा लागेल." ह्यांचा अभ्यास मला माहीत आहे. घराला रंग द्यायचा अभ्यास चालू होता, तोवर भिंतींचे पोपडे पडून संपले.

रबर कशाला, आपल्या घरात कणिक आहे की, असं मला आधी वाटलं. घट्ट कणिक मळली, अंगणातला एक खडबडीत दगड तिच्यात दाबला, काढला, आत हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं किलोभर प्लास्टर ओतलं. वरून सगळं छान दिसलं. सकाळी बघते तर कणिक आणि प्लास्टर एकमेकांना सोडायला तयार नाहीत, एवढं प्रेम मी आमच्या घराण्यात पाहिलं नाही. चाकूनं खरवडून काढलं तेव्हा हातात आलं ते करपलेल्या बट्टीसारखं काहीतरी. हे ते घेऊन उजेडात गेले आणि मागून ऐकू आलं, "रिजेक्ट." मी ओरडले, "तुम्हाला विचारलं कुणी?"

मग मात्र गेले शहागंजला. तिथं एका गल्लीत मूर्तिकारांना लागणारं सामान मिळतं. दुकानदार गल्ल्यावरून वाकून म्हणाला, "क्या होना भाभी? गणपती का साचा बनाते क्या?" मी म्हटलं, "गणपती नक्को, पहाड बनाना है." तो माझ्याकडं बघतच राहिला. "पहाड? पहाड तो बना बनाया पडा है ना भाभी, दौलताबाद रोड पे. जाके देख लेव." मी म्हटलं, "वो मेरे हॉल में नहीं आता." त्यानं गुमान रबराचा कॅन आणि प्लास्टरची गोणी दिली आणि रिक्षा पण थांबवून दिली. क्रांती चौकापर्यंत रिक्षावाला नाक दाबून चालवत होता, कारण त्या रबराला असा वास येतो की डोळ्यांत पाणी यावं.

आता दगड. आमच्या कॉलनीत कोपऱ्यावर एक मोकळी जागा आहे, बागेसाठी सोडलेली. बाग काही झाली नाही. तिथं बोअर घेताना निघालेला एक काळा दगड पडून होता, उपड्या घमेल्याएवढा. काय दगड होता तो! भेगा, पापुद्रे, बारीक भोकं, एका बाजूला धार. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या दगडावर जीव टाकला. पण उचलून आणायचं म्हणजे कंबर जायची, म्हणून तिथंच काम करायचं ठरवलं.

रोज सकाळी अंघोळ करून मी निघायची. हातात रबराची वाटी आणि ह्यांचा दाढीचा जुना ब्रश. पहिल्या दिवशी दगड साबणाच्या पाण्यानं धुतला, म्हणजे रबर चिकटून बसत नाही. मग हात द्यायला लागले. एका जागी बसून सगळीकडं ब्रश पोचत नाही, म्हणून दगडाभोवती फिरत फिरत. तोंडानं पुटपुटणं चालूच. ह्यांना, पोराला, त्या दाढीवाल्याला, सगळ्यांना शिव्या. कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून चारी बाजूंनी विटा उभ्या केल्या. व्हिडिओत सांगितलं होतं की एक हात साधा द्यावा आणि एक रंग मिसळून द्यावा, म्हणजे कुठं राहिलं ते कळतं. दिवाळी नुकतीच झाली होती. रांगोळीच्या डब्यात बघितलं तर सगळे रंग संपलेले, केशरी तेवढा भरपूर उरलेला. तोच मिसळला.

ज्याला डोकं आहे त्याला इथपर्यंत सगळं कळलं असेल. मला कळलं नव्हतं.

शनिवारी सकाळी वाटी घेऊन गेले, तर माझ्या दगडाच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ! पुढं फोडलेला नारळ, उदबत्ती, आणि डोक्यावरून तेलाचा ओघळ. मी किंचाळलेच, "कुणाचे हात झडले?" कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू लगबगीनं बाहेर आल्या. त्यांचं वय झालंय, पण देवाच्या कामात त्या सगळ्यांच्या पुढं असतात. म्हणाल्या, "मीच वाहिलं गं. तू रोज सोवळ्यानं येते, प्रदक्षिणा घालते, मंत्र म्हणते, शेंदूर लावते. मला काय दिसत नाय व्हय? शनिवार मोकळा कसा जाऊ द्यायचा?"

करायला गेले डोंगर अन् झाला मारुती.

मी सांगितलं ना सगळं! अगदी पहिल्यापासून सांगितलं, की काकू, हे रबर आहे, दगडाचा साचा घेतेय, ह्यांच्या आगगाडीला डोंगर करायचाय. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. "कळलं गं बाई. नवस सांगायचा नसतो. नको सांगू." तोपर्यंत आणखी बाया जमल्या. जितकं जास्त सांगावं तितक्या त्या माना डोलवायच्या. आगगाडीचा डोंगर असलं खुळं कारण कुणी खरं सांगेल काय, म्हणजे नवस नक्की मोठा आहे. एकीनं कानाशी येऊन विचारलं, "पोराच्या लग्नाचं अडलंय का?"

समोरच्या घरात माझी मैत्रीण राहते, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली. त्यांचं घर बौद्ध, नवस आणि शेंदूर असल्या भानगडीत ती कधी पडत नाही. ती तिच्या गेटला धरून उभी होती आणि हसून हसून तिचा श्वास अडकला होता. मी म्हटलं, "हसतेस काय, ये, सांग ह्यांना!" ती म्हणाली, "मी कशाला सांगू? तुमच्या लोकांसमोर केशरी रंगाचा डबा उघडा ठेवू नये, एवढं तुला कळायला पाहिजे होतं." मग जवळ येऊन दगड निरखून म्हणाली, "पण काम मात्र सुबक केलंयस."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मला वाटलं, हसतील. हे ताडकन उठले. "तेल घातलं? रबरावर तेल? अगं, तेल लागलं की रबर फुगतं, साचा वाया जाईल!" आणि हे महाशय, जे कुणाच्या सत्यनारायणाला जात नाहीत, ते साबणाचं पाणी आणि कापूस घेऊन धावले. दगडाशी मांडी घालून बसले आणि हलक्या हातानं तेल टिपायला लागले. कॉलनीत बातमी गेली की साहेब देवाची सेवा करतात. ह्यांनी टिपावं आणि लोकांनी घालावं, असं दोन दिवस चाललं. हे विनवायचे, "तेल नको, फूल वाहा." तर नवी आज्ञा झाल्यासारखं लोक फुलं आणायला लागले. झेंडूचं रबराला वावडं नाही, त्यामुळं ते चाललं.

मधल्या वेळात देव कोणता, ह्यावरून वाद. काकू मारुतीवर ठाम होत्या. एक आजोबा म्हणाले, हा म्हसोबा, कारण उघड्यावर आहे. पलीकडच्या गल्लीतल्या एका मास्तरांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि फलक रंगवायची तयारी दाखवली. मला धडकीच भरली. फलक लागला की दगड गेला. आणि दगड गेला की डोंगर गेला, आणि डोंगर गेला की हे परत माझ्या ओट्याशी.

"आजच सोलायचं," मी ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "अजून एक हात द्यायचा राहिलाय." मी म्हटलं, "तुमचा हात राहू द्या, माझा उठेल."

दुपारी कॉलनी झोपलेली असते. मी, हे आणि पहारा द्यायला मैत्रीण, असे तिघं गेलो. माळ बाजूला काढली. कडेनं रबर उचकटलं, आत बोटं घातली, पावडर भुरभुरली. ती टाकली नाही तर रबर स्वतःलाच चिकटतं. हळूहळू ओढत गेले. चर्र चर्र करत रबर सुटत होतं, आणि आतून काळा, धुतल्यासारखा दगड निघत होता. एकही भेग रबरानं सोडली नव्हती. हे नुसते "अगं... अगं..." म्हणत होते. शेवटचं टोक सुटलं आणि केशरी टोपी माझ्या हातात आली. मला नाचावं वाटलं.

तेवढ्यात मैत्रीण खोकली. उशीर झाला होता. काकू वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आल्या होत्या आणि वरून बघत होत्या. त्यांच्या हातातली चादर खाली पडली.

"अगं बाई! देवानं खोळ सोडली!"

आता हे काय, ते सांगायला पाहिजे. आपल्याकडं देवाला वर्षानुवर्षं शेंदूर लावतात, थरावर थर चढतात. मग कधीतरी तो सगळा जाड थर आपोआप सुटून पडतो आणि आतली मूळ मूर्ती दिसते. ह्याला खोळ सोडणं म्हणतात. लई मोठी गोष्ट. गावोगावचे लोक बघायला येतात आणि ती खोळ वाजतगाजत नेऊन नदीत सोडतात. आमच्या देवाला जन्मून आठवडा झाला नव्हता आणि त्यानं खोळ सोडली होती. काकू म्हणाल्या, एवढा जागृत देव त्यांनी बघितला नाही.

बघता बघता गर्दी झाली. माझ्या साच्यावर हळदीकुंकू पडलं. मी छातीशी धरून ओरडत होते, "माझा साचा आहे हा! शहागंजहून रबर आणलंय मी!" कुणी ऐकेल तर शपथ. ठरलंसुद्धा, की उद्या सकाळी टेम्पो करायचा आणि खोळ कायगावला गोदावरीत सोडायची. मास्तर भजनाची सोय बघणार होते. माझ्यावर एकच उपकार झाला. नवस माझा, म्हणून रात्रभर खोळ माझ्या घरी राहील, असं काकूंनीच सांगितलं.

दार लावल्या लावल्या मी ह्यांना म्हटलं, "गोणी काढा."

घरातल्या सगळ्यात मोठ्या घमेल्यात वाळू भरली, वाळूत साचा उपडा करून बसवला. हळदीकुंकू धुऊन काढलं. प्लास्टर कालवायची वेळ आली आणि हे वजनकाटा घेऊन आले, एवढ्या प्लास्टरला एवढं पाणी. मी काटा बाजूला सारला. "आमटीहून घट्ट, पिठल्याहून सैल. गप बसा." हातानंच कालवलं. गुठळी एक नाही. साच्यात ओतलं आणि घमेलं हळूहळू गोल फिरवलं, तव्यावर धिरडं पसरवतात तसं, म्हणजे सगळीकडं सारखा पातळ थर बसतो आणि आत पोकळ राहतं. मग वाट बघत बसलो. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे मला माहीत नव्हतं. मी वर हात ठेवला तर गरम. ह्यांचा हात ओढून ठेवला. म्हटलं, "बघा, जिवंत आहे."

साचा सोलला. आतून दगड निघाला. पांढरा, पण दगडच! तीच धार, तेच पापुद्रे, ती बारीक भोकं. काळ्या शाईचं पातळ पाणी वरून सोडलं, ते भेगांमधून उतरलं आणि माझ्यासमोर आमच्या कॉलनीतला बोअरचा दगड दोन हातांनी उचलता येईल असा हलका होऊन बसला होता. हे चष्मा वर करून, खाली करून बघत राहिले. तपासलेल्या मालाला हे कधी चांगलं म्हणत नाहीत, फक्त पुढं ढकलतात. ह्यांनी तो दगड दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "पास." आणि मग म्हणाले, "अजून एक कर." गोणी संपेपर्यंत आम्ही करत राहिलो.

सकाळी टेम्पो आला. टाळ, मृदंग, काकू पुढं. समोरची मैत्रीण पण चढली. म्हणाली, "एवढी गंमत मी सोडणार नाय." मला मात्र आनंद नव्हता. डोंगराला अजून निम्मे दगड कमी होते आणि साचा गंगार्पण चालला होता. कायगावच्या घाटावर आरती झाली. सगळ्यांनी मला पुढं केलं. मी डोळे मिटले आणि सोडला.

रबरच ते, बुडतंय कशाला! टोपी उलटी झाली, होडीसारखी बसली आणि डुलत डुलत निघाली. लोक "बोला पुंडलिक वरदे" म्हणायच्या बेतात होते, तोच वारा फिरला आणि ती वळून थेट माझ्या पायांशी आली. काकूंनी परत ढकलली. परत आली. मास्तरांनी काठीनं लांब ढकलली. ती थोडा वेळ विचार करत थांबली आणि आली. मैत्रिणीनं तोंडात पदराचा बोळा घातला होता.

शेवटी काकू हात जोडून म्हणाल्या, "देवाला जायचं नाय. ह्या बाईच्याच घरी राहायचं म्हणतोय." आणि त्यांनी ती खोळ पाण्यातून काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. मी जन्मात कुठला प्रसाद इतक्या भक्तिभावानं घेतला नव्हता.

त्यानंतर मला काय झालं, मला सांगता येत नाही. वेड लागलं म्हणा. शहागंजचा दुकानदार आता मला बघून लांबूनच म्हणतो, "आ गये पहाडवाले." दगड केले, फोडले, तुकडे एकमेकांत बसवले. घाट उभा केला, बोगद्याचं तोंड केलं, कड्याखाली पडलेली खडी केली. रस्त्यानं जाताना माझी नजर खालीच, कुठं काय भेग, कुठं काय पापुद्रा. रिंग रोडला खोदकाम दिसलं की मी रिक्षा थांबवायची. दगड दिसला की रबराचे थर द्यायला हात आवरत नव्हता, फक्त आता रंग हिरवा वापरत होते. हॉलमध्ये मी खाली फतकल मारून बसायची, केसांत प्लास्टर, नखांत प्लास्टर. स्वयंपाकघरात काय चाललंय ह्याच्याकडं माझं लक्ष नव्हतं. सुरुवातीला खिचडी टाकायची आणि पळायची. मग ते पण राहायला लागलं. तिकडून भांड्यांचा आवाज यायचा, फोडणीचा वास यायचा. कोण करतंय असं मनात यायचं, आणि तेवढ्यात प्लास्टर घट्ट व्हायला लागायचं.

एका दुपारी मी बोगद्याच्या तोंडाशी शेवटचा कडा बसवत होते. स्वयंपाकघरातून ह्यांचा आवाज आला, "अगं, चल, पान वाढलंय. जेवायला ये."

मी म्हटलं, "आले आले, हा दगड धरू दे." आणि मग माझा हात थांबला. माहेरी आई हाक मारायची. लग्न झाल्यावर मला कुणी अशी हाक मारलेली आठवेना. मीच सगळ्यांना मारत आले. सासऱ्यांना, दिरांना, पोराला, ह्यांना. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं मी ओट्याशी उभ्यानं खायची, आणि ज्या ओट्यासाठी एवढी भांडले तो हाच. मला एकदम भरून आलं. तशीच बसून राहिले आणि डोळ्यांतलं पाणी पांढऱ्या हातांनी पुसलं, त्यामुळं आणखीच आलं.

हे दारात येऊन उभे राहिले. खांद्यावर फडकं, हाताला पीठ. "काय झालं? फुटला का?"

"नाय," मी म्हटलं, "बसला."

हात धुऊन गेले. ताट वाढलेलं होतं, पाण्याचा तांब्या भरलेला होता, पाट मांडलेला होता. पहिला घास घेतला. भाजीत मीठच नव्हतं. मी ती संपवली आणि पुन्हा वाढून घेतली.